चिठ्ठीतली दुसरी ओळ: पाळी गेल्यावरच्या हार्मोन औषधांचं परीक्षण

परळच्या हॉस्पिटलांसमोरच्या मेडिकलमध्ये पन्नाशीची बाई इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेन हार्मोनची चिठ्ठी घेऊन उभी राहिली की काउंटरवरचा मुलगा एकदा चिठ्ठीकडे बघतो, एकदा तिच्याकडे. "काकू, सुनेसाठी आहे का?" त्याचं फार चुकत नाही. इस्ट्राडायोल व्हॅलरेटच्या २ मिलिग्रॅमच्या गोळ्या टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातही देतात आणि प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल गर्भ टिकवायलाही देतात. काकू घरी येतात, गोळीचं नाव फोनवर टाकतात, दुसऱ्याच ओळीत 'स्तनाचा कॅन्सर' दिसतो आणि पट्टी कपाटात जाते. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, तुटलेली झोप, सगळं होतं तिथेच राहतं.

म्हणून पाळी बंद झाल्यावर घ्यायच्या हार्मोन औषधांचं हे परीक्षण स्तनाचा धोका हे मुख्य माप धरून केलं आहे. वाफा थांबवण्यात इस्ट्रोजेनच्या तोडीचं दुसरं औषध नाही. वाफांची संख्या त्याने साधारण तीन चतुर्थांशाने घटते, त्यामुळे गुणाबद्दल वाद नाही. प्रश्न किमतीचा आहे, आणि ती रुपयांत मोजायची नाही.

निकाल आधीच सांगतो. चिठ्ठीतल्या पहिल्या ओळीवर, म्हणजे इस्ट्रोजेन जेलने दिलं की गोळीने यावर, स्तनाचा धोका फारसा ठरत नाही. तो ठरतो दुसऱ्या ओळीवर: गर्भपिशवीच्या रक्षणासाठी सोबत दिलेलं प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्या जातीचं कृत्रिम औषध कुठलं, आणि ते किती वर्षं चाललं. पिशवी काढलेली असेल तर ही दुसरी ओळ लागतच नाही. "पिशवी आहे की काढली?" हे न विचारता चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आता आकडे, कारण भीती आकड्यांतूनच आली. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीचा एक भाग मुदतीआधी थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या, वय ५० ते ७९, सरासरी ६३. साधारण निम्म्या जणींना गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन ०.६२५ मिलिग्रॅम आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं कृत्रिम औषध) २.५ मिलिग्रॅम रोज एका गोळीतून दिलं होतं, बाकीच्यांना नुसती औषध नसलेली खोटी गोळी. मथळे झाले '२६ टक्के वाढ'. मथळ्याखालचा हिशेब असा: खोटी गोळी घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, खरी गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. दहा हजारांत आठ जास्त. ही वाढ खरी आहे, पण २६ टक्के ऐकून डोळ्यांपुढे येतं ते चित्र हे नव्हे.

त्याच चाचणीचा दुसरा भाग पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांचा होता. त्यांना फक्त इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. वीस वर्षांहून लांबच्या पाठपुराव्यानंतर २०२० मध्ये आलेल्या आकड्यांत तो खोट्या गोळीपेक्षा साधारण २२ टक्के कमी दिसला. इस्ट्रोजेन दोन्हीकडे तेच होतं. फरक होता दुसऱ्या औषधाचा.

२०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ५८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली. त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या १,०८,६४७ रुग्ण होत्या. हार्मोन कधीच न घेतलेल्या पाश्चात्त्य बायकांत ५० ते ६९ या वीस वर्षांत १०० पैकी ६.३ जणींना हा कॅन्सर होतो. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं फक्त इस्ट्रोजेन घेतलं तर हा आकडा ६.८ होतो. इस्ट्रोजेनसोबत महिन्यातले काही दिवसच दुसरं औषध घेतलं तर ७.७, रोज घेतलं तर ८.३. म्हणजे अनुक्रमे दर २००, ७० आणि ५० जणींमागे एक जास्त. एकट्या इस्ट्रोजेनबद्दल दोन्ही अभ्यासांचं पटत नाही: एकात धोका किंचित कमी, दुसऱ्यात किंचित जास्त. तो शून्याच्या आसपास धरून चालावं. रोजच्या जोड-औषधाचा (इस्ट्रोजेन आणि सोबत दुसरं औषध) धोका जास्त, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हजारात चार' येतं, दुसऱ्यावर 'पन्नासात एक', आणि दोन्ही खरे असतात. 'हजारात चार' हा ब्रिटनमधल्या पन्नाशीतल्या बायकांचा फक्त पाच वर्षांचा हिशेब आहे: हजारात २३ जणींना तसाही होतो, जोड-औषध घेतलं तर २७. 'पन्नासात एक' वीस वर्षांचा, औषध बंद केल्यानंतरची वर्षं धरून. बंद केल्यावर धोका उतरतो, पण जितकी वर्षं घेतलं त्या मानाने थोडा मागे उरतो, दहा वर्षांहून जास्तही. वर्षाच्या आत थांबवलं तर मागे उरण्यासारखं फार काही नसतं.

त्याच ब्रिटिश हिशेबात लठ्ठपणामुळे होणारी वाढ हजारात २४ धरली आहे, औषधाच्या सहापट. हार्मोनची पट्टी कपाटात लपवणाऱ्या घरात वजनकाटाही त्याच कपाटात सापडतो.

आणि हे सगळे आकडे परदेशी आहेत. इंडियन कॅन्सर सोसायटीची मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू आहे आणि इथल्या बायकांचा मूळ धोका पाश्चात्त्य बायकांपेक्षा कमीच आहे. समजा ६.३ च्या जागी ३ धरला, तर वाढही निम्मी होते: पन्नासात एकच्या जागी साधारण शंभरात एक. 'पन्नासात एक' हा परदेशी आकडा तसाच्या तसा इथे लावला की भीती दुप्पट होते ती अशी.

आता एकेक वस्तू.

इस्ट्राडायोल जेल, ०.०६ टक्के. वापरायला सर्वांत चांगलं, आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच्याबद्दल. जेल कातडीतून थेट रक्तात जातं, यकृताची वाट टाळतं, त्यामुळे पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा गोळीसोबत येणारा जादा धोका नेहमीच्या मात्रेत दिसत नाही. वजन जास्त, बीपी किंवा मायग्रेन असेल तर जेलच घ्यावं. पण "जेल आहे, म्हणजे स्तनाला काही होत नाही" हे साफ चुकीचं. गुठळीपुरता फरक पडतो, स्तनाच्या आकड्यात गोळी आणि जेल जवळपास सारखेच.

मात्रा बघा. २.५ ग्रॅम जेलमध्ये १.५ मिलिग्रॅम इस्ट्राडायोल असतं. ट्यूबसोबत प्लास्टिकची खाचांची पट्टी येते. पहिल्या आठवड्यात ती केराच्या डब्यात जाते आणि मग टूथपेस्टसारखं 'बोटभर' घेणं सुरू होतं. ८० ग्रॅमची ट्यूब रोज २.५ ग्रॅमने ३२ दिवस पुरायला हवी. वीस दिवसांत संपली तर मात्रा दीडपट चालली आहे. स्तन दुखणं, जड वाटणं, घोट्यांना सूज ही त्याचीच लक्षणं, आणि बाई मात्र गाठ झाली म्हणून घाबरते. दोन महिने झाले तरी ट्यूब संपत नाही आणि वाफाही थांबत नाहीत, तर मात्रा कमी पडते आहे. सुरुवात साधारण अर्ध्या मापाने करतात आणि सहा ते बारा आठवड्यांनी बघून वाढवतात.

लावायची जागा दंडाची बाहेरची बाजू किंवा मांडीची आतली. स्तनावर कधीच नाही. मुंबईत दोन अडचणी येतात. आंघोळ करून बाथरूममधल्या दमट हवेतच लावलं तर वाळत नाही, वरून ब्लाउजची बाही आणि लोकलची गर्दी. अर्धं जेल कापडाला लागतं. त्यापेक्षा अंग कोरडं पुसून बाहेर या, पंख्याखाली पातळ पसरवा, चोळू नका, पाच मिनिटं थांबा. सकाळी घाई असेल तर रात्री मांडीवर लावा. वेळ कुठलीही चालते, रोज तीच असली म्हणजे झालं. तासभर तिथे पाणी, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन नको. जेलमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा ते ओलं असताना देवघरात निरांजन लावायला वाकू नका. आणि नातवंडाला उचलण्याआधी हात साबणाने धुवा, लावलेला भाग कपड्याने झाका. लहान मुलाच्या अंगाला हे लागलेलं चालत नाही.

कातडीवर चिकटवायच्या इस्ट्राडायोलच्या पॅचबद्दल एवढंच: औषध चांगलं, पण मे महिन्यातल्या घामाने कडा सुटतात.

इस्ट्राडायोल व्हॅलरेटची गोळी, १ किंवा २ मिलिग्रॅम. प्रोगायनोवा हे नाव बहुतेकांना माहीत आहे. स्वस्त, मात्रेत चूक व्हायला जागा नाही. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी, सडपातळ, पन्नाशीच्या आतल्या बाईत तो मुळातच लहान असतो. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. प्रेमारिन या गोळीतलं इस्ट्रोजेन म्हणजे वरच्या चाचणीतलं घोडीचंच. पिशवी काढलेल्या बाईसाठी त्याच्याइतका लांबचा पाठपुरावा दुसऱ्या कुठल्याही गोळीचा झालेला नाही, ही त्याची जमेची बाजू.

आता दुसरी ओळ. इथे जरा थांबायला हवं.

नैसर्गिक मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन, मऊ कॅप्सूल, १०० किंवा २०० मिलिग्रॅम. सस्टेन वगैरे नावांनी मिळतं. ८०,००० हून जास्त फ्रेंच बायकांच्या ई-३-एन अभ्यासात २००८ मध्ये दिसलं की इस्ट्रोजेनसोबत हे घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर न घेणाऱ्यांइतकाच होता. डायड्रोजेस्टेरॉनसोबत किंचित वाढ होती, बाकी कृत्रिम औषधांसोबत सुमारे ६९ टक्के. पिशवी असलेल्या बाईसाठी आमची पहिली पसंती याला आहे ती त्यामुळेच. पण पूर्ण गुण देत नाही. तो अभ्यास निरीक्षणाचा होता, कोणाला कुठलं औषध हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली चाचणी नव्हती, आणि पुढच्या पाठपुराव्यात पाच वर्षांपलीकडे या गटातही थोडी वाढ दिसू लागली. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' असं नाही. 'पहिली पाच वर्षं सर्वांत कमी धोक्याचं' एवढंच म्हणता येईल.

घ्यायची पद्धत अशी. पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर रोज १०० मिलिग्रॅम. पाळी अजून मधूनमधून येत असेल तर महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम, त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव होणार. रात्री, अगदी झोपायच्या वेळी. यामुळे गुंगी येते, आणि बऱ्याच जणींना तीच गुंगी आवडते, कारण तुटलेली झोप सांधली जाते. चुकून सकाळी घेतली तर लोकलच्या दारात उभं राहू नये. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर पॅक वाचा. मऊ कॅप्सूल उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात, तेव्हा गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका.

मेडिकलमध्ये घोटाळा होतो तो इथेच. चिठ्ठीवर मऊ कॅप्सूल असते आणि हातात येते 'एसआर' (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली कडक गोळी, "सेम आहे काकू, साल्ट तेच." साल्ट तेच असलं तरी शरीरात शिरण्याची चाल वेगळी. पिशवीचं अस्तर आवरतं की नाही हे तपासलं गेलं ते मुख्यतः कॅप्सूलवर. बदली घ्यायची तर डॉक्टरांना फोन करून, काउंटरच्या भरवशावर नको.

दुसरा घोटाळा घरात होतो आणि तो जास्त धोक्याचा. बाईने कुठेतरी वाचलेलं असतं की स्तनाचा धोका दुसऱ्या औषधाने वाढतो. बरोबरच वाचलेलं असतं. मग ती कॅप्सूल बंद करते आणि जेल चालू ठेवते. पिशवी जागेवर असताना एकटं इस्ट्रोजेन म्हणजे आतलं अस्तर वाढत जाणं. अमेरिकेतल्या पेपी चाचणीत अशा बायकांपैकी ६२ टक्के जणींचं अस्तर तीन वर्षांत बिघडलं, खोटी गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. हे बिघडलेलं अस्तर पुढे गर्भपिशवीच्या कॅन्सरकडे जाऊ शकतं. स्तनाचा थोडा धोका वाचवायला निघून पिशवीचा मोठा ओढवून घेण्यातला प्रकार. कॅप्सूल सोसत नसेल तर दोन्ही थांबवा आणि डॉक्टरांना गाठा. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ५२ मिलिग्रॅमची तांबी हा पर्याय आहे: अस्तर सांभाळते, रोजची आठवण नको. तिला 'तांबी' म्हणायची सवय पडली आहे, आत तांबं नसतं.

ड्युफास्टन, म्हणजे डायड्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम. गुंगी नको असेल तर दुसरी पसंती. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनबद्दल वर आलंच, नव्याने सुरू करायला कारण दिसत नाही.

नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम ही गणपतीच्या आणि सत्यनारायणाच्या आधी पाळी पुढे ढकलायला घरोघरी माहीत असलेली गोळी. वाफांसाठी इस्ट्रोजेनसोबत हेच औषध देतात तेव्हा मात्रा १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असते. घरात उरलेली पाचची पट्टी 'हार्मोनचीच तर आहे' म्हणून जेलसोबत सुरू करणं म्हणजे पाचपट.

टिबोलोन २.५ मिलिग्रॅम. एकच गोळी, दुसरी ओळ नको, रक्तस्राव नाही, संबंधांची इच्छा वाढते असंही म्हणतात. आम्ही मात्र कमी गुण देतो. २०१९ च्या त्याच एकत्रित हिशेबात टिबोलोननेही स्तनाचा धोका वाढलेला दिसला. आणि स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांवरची लिबरेट चाचणी थांबवावी लागली, कारण टिबोलोन घेणाऱ्यांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होतं. साठीपुढच्या बायकांत पक्षाघाताचा धोकाही दिसला आहे. "हे इस्ट्रोजेन नाही, म्हणून चालतं" असं कोणी सांगितलं तर दुसरं मत घ्या. पाळी जाऊन वर्ष व्हायच्या आत सुरू केलं तर लाल डागांचा त्रास होतो, तो वेगळाच.

योनीत लावायचं इस्ट्रोजेन. इस्ट्रिऑल क्रीम, १ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम, इव्हालॉन या नावाने ओळखीचं. सर्वांत जास्त गुण याला, आणि वाया जाण्यातही हेच पुढे. कोरडेपणा, संबंधांच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीचा संसर्ग यांवर सरळ उपाय. रक्तात फारच थोडं जातं, आणि योनीतल्या इस्ट्रोजेनने स्तनाचा धोका वाढल्याचं २०१९ च्या आकड्यांत दिसलं नाही. सोबत प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. तरी आतल्या घडीच्या कागदावर इशारे असतात ते जेल-गोळीचेच, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. मराठीत एक ओळ नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हार्मोन औषधांवरचे स्तनाच्या कॅन्सरचे चौकटीतले इशारे काढण्याचं जाहीर केलं. गर्भपिशवीसाठीचा, एकट्या इस्ट्रोजेनच्या औषधांवरचा इशारा मात्र ठेवला. तो ठेवण्याचं कारण वर सांगितलेला दुसरा घोटाळाच.

क्रीमचं माप: नळीवरच्या खुणेपर्यंत, ०.५ ग्रॅम. पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. नळी पूर्ण भरू नका. दोन आठवडे रोज लावलं तर ७ ग्रॅम जातं, पुढे आठवड्याला १ ग्रॅम. या हिशेबाने १५ ग्रॅमची ट्यूब दहा आठवड्यांच्या आत संपली तर माप चुकतं आहे. चार दिवसांत फरक पडत नाही म्हणून सोडणाऱ्या पुष्कळ. आठ ते बारा आठवडे द्यायला हवेत.

'बायोआयडेंटिकल' पेलेट आणि लाळेची तपासणी करून 'तुमच्यासाठी खास' बनवलेलं क्रीम हे उपनगरांतल्या चकचकीत क्लिनिकांचं नवं दुकान. मात्रेची खात्री नाही, कातडीखाली घातलेलं पेलेट नको झालं तर काढणं सोपं नाही. शून्य गुण. खरं बायोआयडेंटिकल इस्ट्राडायोल आणि प्रोजेस्टेरॉन साध्या मेडिकलमध्ये मिळतं, वर आलंच आहे.

औषधाइतकीच तपासणीच्या सेवेची पारख हवी. लॅबवाले 'मेनोपॉज पॅनेल' म्हणून एफएसएच, एलएच, एएमएच अशी हार्मोन-तपासण्यांची यादी पुढे करतात. ४५ च्या पुढे, वाफा आणि पाळीची गडबड असताना निदानाला यातलं काहीच लागत नाही. तो पैसा मॅमोग्राफीवर घाला. सुरू करण्याआधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, मॅमोग्राफी, आणि रक्तस्राव अवेळी होत असेल तर पोटाची सोनोग्राफी व्हायलाच हवी. घरात आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर होता, आणि कितव्या वर्षी, हे डॉक्टरांनी विचारून लिहून घेतलं पाहिजे. 'वडिलांकडचं धरत नाहीत' हा समज चुकीचा, या कॅन्सरचा धोका वाढवणारं बिघडलेलं बीआरसीए जनुक वडिलांकडूनही येतं.

मॅमोग्राफीला जाताना काखेत डिओ किंवा टाल्कम पावडर नको, फिल्मवर ठिपके उठतात. जुन्या फिल्म सोबत न्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. जोड-औषधाने स्तनाची घनता वाढते, फिल्म पांढुरकी दिसते आणि लहान गाठ त्यात दडते. म्हणून रिपोर्टमध्ये घनता सी किंवा डी (म्हणजे जास्त) लिहिली असेल तर सोनोग्राफी जोडून घ्या, आणि औषध चालू आहे हे रेडिओलॉजिस्टला सांगा. सांगितलं नाही तर गेल्या वर्षीपेक्षा बदल दिसला म्हणून उगाच सुई टोचली जाते.

आणि हाताने तपासणं. बहुतेक क्लिनिकांत ते होतच नाही, बीपी मोजून चिठ्ठी रिपीट. याची किंमत मुंबईनेच जगाला दाखवली आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांवर चाचणी केली. निम्म्या जणींच्या स्तनांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली. २०२१ मध्ये निकाल छापला गेला: सर्व वयं धरून मृत्यूंमधली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती, पण पन्नाशी आणि पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. हार्मोन घेणारी बाई याच वयाची. वर्षातून एकदा काखेपर्यंत दोन्ही बाजू नीट तपासायला पाच-सात मिनिटं लागतात. ती मागून घ्यावीत.

सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने मधूनच डाग पडले तर घाबरू नये. त्यानंतर पडले, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफी आणि गरज वाटली तर अस्तराचा तुकडा. दरवर्षी एक प्रश्न विचारायचा: अजून लागतंय का? मात्रा निम्मी करून दोन-तीन महिने बघा, वाफा परतल्या नाहीत तर थांबा. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ ला जाते. ज्यांची चाळिशीच्या आधी गेली, किंवा ऑपरेशनमध्ये पिशवीसोबत बीजांडकोशही गेले, त्यांच्यासाठी वरचा पाच वर्षांचा हिशेब सुरूच होत नाही. त्या वयात हे हार्मोन अंगात असायलाच हवे होते. पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत ते भरून देणं म्हणजे गेलेलं परत करणं, आणि भीतीपोटी ते टाळलं तर हाडं आणि हृदय दोन्ही किंमत मोजतात.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर जेल, गोळी, टिबोलोन तिन्ही नाहीत. वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सीन ३७.५ ते ७५ मिलिग्रॅम किंवा रात्री गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम यांनी बऱ्यापैकी उतार पडतो. योनीतलं क्रीमही कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः लेट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन घटवणारी गोळी चालू असेल तर. आणि टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परतू नये म्हणून दिलेली गोळी) चालू असताना फॅमिली डॉक्टरांनी वाफांसाठी किंवा उदास वाटतं म्हणून पॅरॉक्सेटिन अथवा फ्लुओक्सेटिन लिहिलं तर ती पट्टी उघडायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप देणारं यकृतातलं एन्झाइम या दोन गोळ्या अडवतात.